टिटवीची झोप

पाणवठ्याच्या प्रकाशन-समितीत कुणाला मारायचा ठराव कधी येत नसे. येत असे तो ‘आधार काढून घेण्याचा’. शब्द असे मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी हात धरून सावकाश खुर्चीत बसवतंय.

शलाका मगदूम हे मऊ शब्द ऐकत होती तेव्हा तिचे दोन्ही हात तेलाने माखलेले होते. पसरलेल्या पायांवर पाच महिन्यांची प्रेक्षा पालथी पडून स्वतःची मूठ चोखत होती, आणि समोर हरभरा डाळीच्या डब्याला टेकवलेल्या पडद्यावर निरंजन वेलणकर बोलत होता. मागे त्याचं पुस्तकांचं कपाट. त्यातलं एकही पुस्तक गेल्या सहा वर्षांत जागचं हललं नव्हतं, हे शलाका शपथेवर सांगू शकली असती.

“टिटवीबद्दल आपल्या सगळ्यांच्या मनात नितांत आदर आहे,” निरंजन म्हणाला.

झालं, शलाकाच्या मनात आलं. ज्याला पुरायचं असतं त्याच्याबद्दल माणसं आधी आदर व्यक्त करतात.

“पण वापरणारे किती उरलेत, शलाका?”

“कान मोजू की माणसं?” ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “कान मोजायचे असतील तर आकडा दुप्पट होईल. तेवढंच तुला बरं वाटेल.”

“मी गंभीरपणे विचारतोय.”

“मीही. शंभराच्या आत. तुझ्या त्या फ्रिजसाठी वेगळी तुकडी काम करते ना? अंडी संपली की कविता करणारा फ्रिज! तो किती घरांत आहे ते नाही विचारत कुणी.”

पडद्याच्या चौकोनांत दोघंतिघं हसले आणि लगेच गंभीर झाले. ही समितीची जुनी कसरत. शलाकाच्या बोलण्यावर हसायचं आणि मत मात्र निरंजनला द्यायचं.

पाणवठा म्हणजे संगणकाची मूळ प्रणाली, ऑपरेटिंग सिस्टीम. तिला मालक नाही. जगभरातले लोक ती लिहितात, तपासतात, दुरुस्त करतात, आणि ज्याला हवी त्याने फुकट न्यावी. पण प्रोसेसरच्या जाती अनेक, आणि प्रत्येक जातीची चाल वेगळी. म्हणून प्रत्येक जातीमागे कुणीतरी राखणदार लागतो, जो पाणवठ्यात पडणारा प्रत्येक बदल आपल्या जातीला पचतोय की नाही ते बघतो. बड्या प्रोसेसरांना राखणदारांच्या फौजा होत्या. टिटवी नावाच्या प्रोसेसरला एकटी शलाका होती, जयसिंगपूरच्या दोन खोल्यांत, पोरीच्या झोपेच्या मापाने काम करणारी.

शेवटी निरंजनने उदार होऊन तोडगा काढला. रविवारी संध्याकाळी नवी आवृत्ती निघणार. तोवर खऱ्या टिटवीवरून ‘चाललं’ आलं तर ती राहील. नाही आलं तर आधार काढला जाईल.

‘चाललं’ ही पाणवठ्याची रीत होती. ज्यांनी तो सुरू केला ते पाचसहा जण मराठी होते. बदल करणाऱ्याने स्वतःच्याच कामाला पास करायचं नाही, दुसऱ्या माणसाने खऱ्या यंत्रावर चालवून बघायचं आणि एकच शब्द लिहायचा, असा नियम त्यांनी घातला. पुढे प्रणाली जगभर गेली, तरी शब्द तोच राहिला. फिनलंडमधला गोरा पोरगाही देवनागरीत ‘चाललं’ उमटवतो, आणि त्याला अर्थाच्या पलीकडचं काही माहीत नसतं.

“येईल,” शलाका म्हणाली. “दर वेळी येतं तसं येईल. तू शोकसभेचं भाषण जपून ठेव, दुसऱ्या कुणासाठी उपयोगी पडेल.”

तिने कोपराने पडदा बंद केला. प्रेक्षाने मान उचलून आईकडे बघितलं आणि तेलकट हसली.

“हो की नाही गं? किती शहाणा माणूस! किती सदरा इस्त्रीचा!”

खऱ्या टिटव्यांपैकी एक घरातच होती. शलाकाच्या नवऱ्याच्या उजव्या कानामागे, कातडीखाली.

नेहमीच्या प्रोसेसरच्या पोटात घड्याळ असतं. शाळेत कवायतीचे सर असतात ना, तसं. सर शिट्टी वाजवतात आणि अख्खं मैदान पाय उचलतं. ज्याला कुठंही जायचं नाही तोही उचलतो. सेकंदाला अब्जावधी शिट्ट्या, आणि बरीचशी ताकद जागच्या जागी पाय आपटण्यातच जाते. टिटवीत सरच नव्हते. एका भागाचं काम झालं की तो शेजारच्याच्या खांद्याला हात लावणार, माझं झालं, तू घे. काम नसेल तर सगळे निजलेले, आणि निजलेल्याला खायला लागत नाही. बाहेर आवाज हलला की तेवढ्यापुरते जागे व्हायचे. माळावरची टिटवी कुणाचं पाऊल वाजलं की उठून आभाळ डोक्यावर घेते, त्यावरून हे नाव.

या प्रोसेसरला वीज इतकी थोडी लागे की कानामागची ऊब आणि बाहेरची हवा यांतल्या फरकावर त्याचं भागत असे. ना सेल, ना चार्जर. शिवाय आवाजाचे शिट्टीबरहुकूम तुकडे पाडायचे नसल्यामुळे त्याचे बारीक कंगोरे शाबूत पोचत. नादवेध नावाच्या लहानशा कंपनीने त्यावर कृत्रिम कान बनवला. मग एका अजस्र कंपनीने नादवेधला मिठीत घेतलं आणि मिठीतच गुदमरवलं. टिटवीचा कान बंद करून त्यांनी ‘शहाणा कान’ बाजारात आणला. हा कान ऐकणाऱ्याच्या वतीने ठरवत असे की ऐकण्याजोगं काय आहे. पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, शेजारचं भांडण, सगळं गाळून फक्त कामाचं बोलणं आत सोडायचा.

“म्हणजे बहिरेपणच,” शलाका म्हणायची, “फक्त निवडक. मंत्र्यांना असतं तसं.”

ती नादवेधमध्ये शिकाऊ होती तेव्हा भरतेश मगदूम तिथे आला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मेंदूज्वराने त्याचे दोन्ही कान नेले होते. कान चालू केला त्या दिवशी त्याच्या डोक्यात शिरलेला पहिला आवाज शलाकाचा. ती वहीवरून मान न उचलता म्हणाली होती, “लॅग आहे का?” म्हणजे आवाज उशिरा पोचतोय का. दोन वर्षं काहीच न ऐकलेला तो उंच पोरगा तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “तुम्ही कोण?”

सासूबाई ही हकिकत येणाऱ्या-जाणाऱ्याला एका वाक्यात सांगत. “मशीन बसवायला गेला आणि बायको बसवून आला.”

कंपनीने हात झटकले तेव्हा शलाकाने टिटवीची राखण उचलली. पोट भरायला दुसरी नोकरी होती. हे काम उरल्या वेळातलं. बदल ती करायची, नवी आवृत्ती आधी भरतेशच्या कानात जायची, दोन दिवस तो ऐकायचा आणि लिहायचा, ‘चाललं’. त्या एका शब्दाच्या भरवशावर ती बाकीच्यांच्या कानांत जायची. त्यांतली एक होती सुनंदा मडावी, चंद्रपूरकडच्या जंगलातली वनरक्षक. प्रत्येक आवृत्तीनंतर तिचा निरोप यायचा, कधी दोन ओळींचा, कधी एका. ‘ताई, पाचोळा छान वाजतोय.’ पाचोळा छान वाजणं म्हणजे काय ते त्या जंगलात पायी फिरणाऱ्यालाच कळे. पट्टेरी जनावर हाक मारून येत नाही.

आधार काढला तर दवाखाने हात वर करणार होते. अधिकृत आधार नसलेलं यंत्र शरीरात ठेवायचं तर रुग्णाने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावं, नाही तर काढून शहाणा कान बसवून घ्यावा. वनखातं काही सुनंदाला स्वतःच्या जबाबदारीवर जंगलात सोडणार नव्हतं. आणि एकदा काढलेली टिटवी परत बसत नसते.

शुक्रवारी दुपारी शलाका वरच्या गच्चीवर डाळ वाळत घालायला गेली होती. खाली आली तर प्रेक्षा रडून रडून निळी पडायच्या बेतात, सासूबाई तिला खांद्यावर घेऊन थोपटतायत, आणि भरतेश शेजारी अपराध्यासारखा उभा. त्याच्या हातांना नर्सरीतला नारळाचा भुसा लागलेला. शिरोळ रस्त्यावर त्याची उसाच्या रोपांची नर्सरी होती. जेवायला आला होता.

“पाळण्याजवळ बसलेला हा!” सासूबाई कडाडल्या. “हाताच्या अंतरावर! पोरगी कुरकुर कुरकुर करत होती, मी न्हाणीतनं ऐकली, आणि हा आपला भाकरी मोडत बसलाय. ह्याचा आजा पण असाच. हाक मारली तर वळायचा नाही. त्याला तर मशीन पण नव्हतं!”

“मला ऐकू आलं नाही, आई.”

“अहो, चाचणीत तर सगळं स्वच्छ येतंय,” शलाका म्हणाली. सासूबाईंसमोर ती त्याला अहो म्हणायची, आणि तो अहो-जाहोत असला की तिचा आवाज नेमका जास्त धारदार व्हायचा. “तुमचं लक्ष नर्सरीत असेल.”

भरतेश हात धुवायला गेला.

ही तक्रार पहिली नव्हती. मागच्या आवृत्तीपासून त्याने हे तीनदा सांगितलं होतं, आणि शेवटच्या खेपेला तर रीतसर, पाणवठ्याच्या तक्रारखिडकीत लिहून: बाळ हळू आवाज करतं तो ऐकू येत नाही. शलाकाने चाचणी चालवली. कंपनीच्या दिवसांपासून चाचणीचे आवाज तिच्याच गळ्यातले होते. ‘एक, दोन, तीन, लॅग आहे का?’ ठणठणीत, सुस्पष्ट. सगळे पास झाले. तिने तक्रारीवर शेरा मारला, ‘पुन्हा घडवता आलं नाही’, आणि ती बंद केली. हा शेरा जगातले सगळे प्रोग्रामर मारतात. फक्त तो मारताना बाकीच्यांना सहसा स्वतःच्या नवऱ्याला खोटं पाडावं लागत नाही.

शिवाय तिला वेळ कुठे होता? निरंजनला द्यायचं उत्तर लिहायचं होतं. ‘टिटवी का मरणार नाही’ हा तिचा लेख मागेच जगभर वाचला गेला होता. त्यात तिने समितीला असं सोललं होतं की ब्राझीलच्या एका बाईने तो छापून संगणकाच्या वर चिकटवला. आता त्याचा दुसरा भाग.

सासूबाई देवळात गेल्यावर भरतेश ओट्याशी आला.

“मंगळवारी मिरजेला जायचंय. दवाखान्यात.”

“कशाला?”

“शहाण्या कानाची तपासणी. तारीख घेतलीय.”

शलाकाच्या हातातला झारा कढईतच राहिला.

“तू? तो कान घालणार? उद्या मला शिंक आली तर तो ठरवणार, भरतेशरावांना कळवायची का नको!”

“निदान तो पोरगी रडली तर कळवतो. विचारलं मी.”

“त्यांनी सांगितलं आणि तू ऐकलंस? ते काहीही सांगतात! नादवेध बंद करणार नाही म्हणूनही सांगितलं होतं. जगात एक माणूस मागे उभा राहील असं वाटलं होतं, तोही रांगेत जाऊन उभा राहिला. छान. निरंजनला कळव, पेढे वाटेल.”

“शलाका, तू त्याच्याशी बोलतीयस. मी इथं उभा आहे.”

“मग मी आठ वर्षं हे कुणासाठी केलं?”

भरतेशने जरा विचार केला. तो नर्सरीत रोपाचं मूळ बघतो तसा, घाई न करता.

“सुरुवातीला माझ्यासाठी,” तो म्हणाला. “मग त्यांना दाखवायला. मला वाटतंय तेवढं सांगतो. दर खेपेला तू विचारतेस, लॅग आहे का. काय ऐकलंस, असं एकदा पण विचारलं नाहीस.”

ती काही बोलायच्या आत तो रोपांचे ट्रे मोजायला निघून गेला. जाताना त्याने दार हळू ओढलं. इतकं हळू, की तिला त्याचाच राग आला. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी नवी आवृत्ती त्याच्या कानात दोन दिवस पूर्ण करत आली होती. लेखाचा दुसरा भाग तयार होता; पहिल्यापेक्षा जहरी. आता एक शब्द हवा होता.

“लिहितोस ना?” शलाकाने पडदा त्याच्यापुढे सरकवला.

“आधी इथं बस.” त्याने पाळण्याशेजारची चटई दाखवली. “माझ्या कानातली टिटवी कधी उठती, कधी निजती, ते दिसतं ना तुला?”

“दिसतं.”

“लाव.”

तिने लावलं. पडद्यावर एक आडवी रेष सरकू लागली. टिटवी जागी झाली की रेष उसळायची, निजली की सपाट. शलाका काही बोलली, उसळली. रस्त्यावर ट्रॅक्टर गेला, उसळली.

“झालं समाधान?”

“थांब की.”

ते थांबले. दुपार होती, सासूबाई आतल्या खोलीत कलंडलेल्या. पाळण्यात प्रेक्षाने कूस बदलली. तिच्या घशातून एक लहानसा आवाज निघाला. अं. तेवढाच. झोपेच्या तळातून वर येणाऱ्या लेकराचा पहिला बुडबुडा. शलाकाच्या अंगात त्या आवाजासरशी दूध उतरलं.

पडद्यावरची रेष सपाट.

अं. अं हं. पायांची लाथ, गोधडीची सळसळ. लाळ गिळल्याचा आवाज. ओठांचा मचमच आवाज. शलाकाला वाटलं, खोलीभर नुसता गजबजाट चाललाय.

रेष सपाट.

ती भरतेशकडे बघत होती. तो पाळण्याकडे बघत नव्हता, पडद्याकडेही नाही; तिच्याच तोंडाकडे बघत होता. तिचा चेहरा वाचून त्याला कळत होतं की आत काहीतरी वाजतंय. पोर जन्मल्यापासून तो असाच, दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून स्वतःची मुलगी ऐकत होता.

मग प्रेक्षाने भोकाड पसरलं आणि रेष छताला टेकली.

पोरीला छातीशी लावून, एका हाताने, शलाका शोधायला बसली. फार खोल जावं लागलं नाही. सगळ्या जातींना सामाईक असलेल्या भागात मागेच एक बदल आला होता: किरकोळ कारणासाठी प्रोसेसरची झोप मोडू नये. फोनसाठी उत्तम. फ्रिजसाठी तर फारच उत्तम. खिशात बसलेल्या यंत्राने प्रत्येक धक्क्याला दचकून कसं चालेल? बड्या जातींनी तो आनंदाने घेतला. टिटवीसाठी घ्यावा की नाही हे टिटवीच्या राखणदाराने ठरवायचं होतं. राखणदाराने घेतला होता. खाली सही होती, शलाका मगदूम. तारीख होती तिच्या गाजलेल्या लेखाची. तो लेख लिहायच्या तावात असताना तिने हा बदल डोळ्यांखालून घातला आणि पुढे ढकलला होता. भरतेशने त्या आवृत्तीला ‘चाललं’ लिहिलं तेव्हा घरात पाळणा नव्हता.

ज्या प्रोसेसरला किरकोळ आवाजानेच जागं होण्यासाठी जन्माला घातलं, त्याला तिने शहाणपण शिकवलं होतं. ऐकण्याजोगं काय ते आता तो ठरवत होता. कंपनीला जे करायला अख्खा कान नव्याने बनवावा लागला, ते तिने एका सहीत केलं होतं, आणि तेही कंपनीला शिव्या देता देता.

“दुरुस्ती सोपी आहे,” ती म्हणाली. आवाज कोरडा पडला होता. “पण आजच्या आवृत्तीत नाही बसणार. दोन दिवस कानात चालवल्याशिवाय पुढे पाठवता येत नाही. तू आज ‘चाललं’ लिही. टिटवी वाचेल. पुढच्या आवृत्तीत मी हे काढते.”

“पुढची कधी?”

“सहा महिन्यांनी.”

“आणि ही आज बाकीच्यांच्या कानांत जाणार.”

“मागच्या आवृत्तीतही आहेच की हे. कुणी ओरडलं?”

“सुनंदा मडावींचा निरोप आला का मागच्या खेपेला?”

शलाकाने जुने निरोप चाळले. आला नव्हता. तिच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ती लेखाला पडलेल्या टाळ्या मोजत होती. तिने तिथल्या तिथे सुनंदाला फोन लावला. तो लागेपर्यंत तिने पोरीला नको इतकं घट्ट धरलं होतं.

“नमस्कार ताई!” पलीकडून दमदार आवाज आला. “तुम्ही कशाला फोन केला जी, मीच करणार होती. नाही, तब्येत ठीक. महिनाभर झाला, जंगलातून काढून तपासणी नाक्यावर बसवलं मला. पाचोळा वाजेचना. साहेबाला म्हटलं, माझंच ध्यान नाही राहत आताशा, वय झालं. तुमच्या मशीनचा काही दोष नाही ताई, ते तर बोलणं बराबर ऐकवते. माझाच दोष.”

“नाही,” शलाका म्हणाली. “तुमचा नाही.”

तिने फोन ठेवला. भरतेश समोरच होता. ‘तुझं लक्ष नसतं’ हे वाक्य तिने कुणाकुणाला शिकवलं होतं? ज्यांना ते कधी ऐकवलंही नव्हतं, त्यांनीसुद्धा ते स्वतःला लावून घेतलं होतं.

संध्याकाळी डाळीचा डबा, पडदा, चौकोनात चौकोन. निरंजनच्या मागे तेच कपाट.

“शलाका, टिटवीवरून अजून शब्द आलेला नाही.”

“येणार नाही,” ती म्हणाली. “नाही चाललं.”

चौकोनांतली सगळी तोंडं एकदम वर झाली. आठ वर्षांत टिटवीने हे कधी म्हटलं नव्हतं.

“दोष माझा आहे. मागच्या आवृत्तीतलाच. झोप न मोडण्याचा बदल मी न वाचता घेतला. तो टिटवीला बहिरं करतो. आजची आवृत्ती टिटवीवाल्या कुणाच्याही कानात जाऊ देऊ नका, आणि मागची ताबडतोब मागे घ्या, तिच्या आधीची परत द्या. ठराव तुम्ही मांडा.”

निरंजनने चष्मा काढला. “मला खरंच वाईट वाटतंय,” तो म्हणाला, आणि आणखी वाईट म्हणजे त्याला खरंच वाटत होतं. “थोडी मुदत मागायची असेल तर...”

“नियम आहे ना? मग दया कशाला? दया तुला शोभत नाही, निरंजन, सदऱ्याला चुण्या पडतात.”

कुणी हसलं नाही. ठराव आला. हात वर झाले, एकेक करून, सावकाश, खुर्चीत बसवल्यासारखे. टिटवीचा आधार काढला गेला. कुणीतरी तिच्या योगदानाबद्दल दोन शब्द बोलू लागलं, तेव्हा तिने पडदा बंद केला. तुच्छतेलाही ताकद लागते, आणि त्या क्षणी ती सगळी संपली होती.

जहरी लेखाचा दुसरा भाग तिने न पाठवता पुसला. छान लेख होता.

पाणवठा फुकट नेता येतो. त्यातून वेगळा ओढा काढायलाही कुणाची परवानगी लागत नाही. फक्त तो ओढा मग ज्याचा त्याने राखायचा. शलाकाने टिटवीचा वेगळा ओढा काढला. ती एक ओळ उपटली. चाचणीतले स्वतःचे आवाज काढून टाकले, सगळे, ‘लॅग आहे का’सुद्धा, आणि त्यांच्या जागी पाळण्याजवळ बसून टिपलेले आवाज घातले. गोधडी, मूठ चोखणं, अं. सुनंदाने नाक्यामागचा पाचोळा स्वतः तुडवून त्याचा आवाज पाठवला, सोबत एक माकडही आलं.

सोमवारी दुपारी ही दुरुस्त टिटवी भरतेशच्या कानात गेली. आता हिच्यामागे समिती नव्हती, अधिकृत शिक्का नव्हता. दवाखान्याच्या लेखी त्याच्या डोक्यात एक बेवारस यंत्र होतं.

“उद्या मिरजेला जाऊ का नको?” त्याने विचारलं.

जीभ शिवशिवली. शहाण्या कानाबद्दल तिच्याजवळ अजून निदान दहा वाक्यं तयार होती, एकाहून एक.

“कान तुझा आहे,” ती म्हणाली. “मी काही सांगणार नाही.”

“आई गं,” भरतेश म्हणाला. “हे ऐकायला तर मशीनच पाहिजे होतं.”

प्रेक्षा पाळण्यात निजली होती. सासूबाई दाराशी बसून लसूण सोलत होत्या आणि दोघांकडे न बघितल्यासारखं बघत होत्या. शलाकाने त्याच्याकडे पाठ केली, मुद्दाम, म्हणजे तिच्या तोंडावरून त्याला काही कळू नये. पडदाही लावला नाही. भिंतीवर लटकलेल्या सुपाकडे बघत ती उभी राहिली.

पाळण्यातून आवाज आला. अं.

मागे चटई सरकली. पावलं. पाळण्याची कडी वाजली. ती वळली तेव्हा भरतेशने लेकीला उचलून घेतलं होतं, आणि प्रेक्षा रडायचं विसरून, आपल्याला इतक्या लवकर कुणी कसं उचललं या अचंब्यात बापाचं नाक बघत होती.

“बघा!” सासूबाई लसणाला म्हणाल्या. “ह्याचा आजा असा नव्हता.”

शलाकाच्या ओठांवर नेहमीचा प्रश्न आलाच होता. तिने तो गिळला.

“काय ऐकलंस?”

भरतेशने डोळे मिटले. पोरीला खांद्यावर टाकून तो तसाच उभा राहिला.

“हिचा अं. मग गोधडी. आईच्या लसणाची सालं. बाहेर कुणीतरी सायकल टेकवली.” तो थांबला, मान किंचित तिच्याकडे वळवून. “आणि तू. केव्हाची श्वास रोखून उभी आहेस. सोड आता.”